लिनक्सवर रेकॉर्डिंगमध्ये सारखी पट-पट येते? नवा ऑडिओ इंटरफेस घेण्याआधी हे तपासा

आर्डर (रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम) उघडला, माईक लावला, दोन ओळी गाऊन झाल्या की मध्येच ‘पट्’. रेकॉर्डिंग ऐकलं तर तो ‘पट्’ तिथेही बसलेला. बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) वाढवला की आवाज स्वच्छ होतो, पण हेडफोनमध्ये स्वतःचा गळा उशिरा ऐकू येतो. बफर कमी केला की पट-पट परत सुरू. काही दिवस सुरळीत जातात, मग एखादं अपडेट येतं किंवा इंटरफेसची (माईक संगणकाला जोडणाऱ्या डब्याची) वायर दुसऱ्या पोर्टात जाते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इथवर आलं की कुणीतरी सांगतंच: इंटरफेस बदल.

घाई करू नका. या एका तक्रारीआड निदान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात, आणि त्यातले बहुतेक इंटरफेस बदलला तरी जागचे हलत नाहीत. बदलायची खरी गरज असते तेव्हाही कोणता घ्यायचा याचं उत्तर या तपासणीतूनच निघतं.

पट-पट ठरावीक अंतराने येते का?

सगळ्यात आधी घड्याळ समोर ठेवून दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा. आवाज जवळपास सारख्याच अंतराने तुटत असेल, समजा दर पंचवीस-तीस सेकंदांनी, तर प्रोसेसर, कर्नल, वाय-फाय यांच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा तिथे दोन उपकरणांची दोन वेगवेगळी अंतर्गत घड्याळं असतात. यूएसबी माईकमधून आवाज आत घेताय आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ऐकताय, अशी ती मांडणी. दोन्हीकडे ‘४८ किलोहर्ट्झ’, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, असं लिहिलेलं असलं तरी दोन्हीकडच्या घड्याळांचे क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत पन्नासचा फरक म्हणजे सेकंदाला साधारण २.४ नमुने. ६४ नमुन्यांची शिल्लक अर्ध्या मिनिटाच्या आत संपते आणि एक ‘पट्’ येतो. मग पुन्हा मोजणी सुरू.

पाइपवायर (लिनक्सवर प्रोग्रॅम आणि उपकरणं यांच्यात आवाज फिरवणारा सर्व्हर) अशा वेळी दुसऱ्या उपकरणाचा आवाज आपोआप रीसॅम्पल करून जुळवून घेतं. निव्वळ जॅक (हाही आवाजाचा सर्व्हरच, हेडफोनचा जॅक नव्हे) वापरत असाल तर तो एकाच उपकरणाचं घड्याळ मानतो. दुसरं जोडायला झिटा-एजेब्रिजसारखा पूल लागतो. पण खरा उपाय साधा आहे: आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच इंटरफेसमधून न्या. यूएसबी माईकला स्वतःचा हेडफोन जॅक असेल तर हेडफोन तिथेच लावा. नसेल, तर ही एक अवस्था अशी आहे की जिथे इंटरफेस आणि साधा एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचा) माईक घेण्यावरचा खर्च खरोखर सत्कारणी लागतो.

अनियमित पट-पट, म्हणजे एक्सरन

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून इथे जरा थांबू.

४८,००० नमुन्यांच्या दराने २५६ नमुन्यांचा एक बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. दर ५.३ मिलिसेकंदांनी मशीनला सगळं हातातलं सोडून तुमचे २५६ नमुने हातावेगळे करावे लागतात. एकदा वेळ चुकली की तेवढी फट पडते, तोच एक्सरन. त्यामुळे ‘माझा प्रोसेसर तर वीस टक्केच चालतोय’ या वाक्याला इथे अर्थ नाही. सरासरी कितीही कमी असो, कुणीतरी एकदाच सहा मिलिसेकंद मशीन अडवून धरलं तरी काम बिघडतं. ते कुणीतरी शोधायचं आहे.

टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा. त्यात ‘ईआरआर’ नावाचा चुकांचा रकाना असतो. रेकॉर्डिंग चालू ठेवून कोणत्या ओळीतला आकडा वाढतो ते बघा. आर्डरच्याच ओळीत वाढत असेल तर बहुधा एखादा प्लगइन जड जातोय. कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या खोलीसारखा घुमारा देणारा) हा नेहमीचा संशयित, रेकॉर्डिंग करताना तो बंद ठेवा. इंटरफेसच्या ओळीत वाढत असेल तर मामला खालच्या थरात आहे.

एक जुनी अडचण इथेच निकालात काढू. पाइपवायर हे विम टायमन्स यांचं काम. फेडोरा ३४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, ते आवाजासाठी मूळ व्यवस्था म्हणून आलं, उबुंटूत २२.१० पासून. आता जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्याच्यावरच चालतात. तरीही पल्सऑडिओ (त्याआधीचा आवाजाचा सर्व्हर) बंद करा, क्यूजॅककंट्रोल या प्रोग्रॅममधून जॅक सुरू करा, हा दहा-बारा वर्षांपूर्वीचा सल्ला अजून फिरतो. तो आज पाळला तर दोन सर्व्हर एकाच इंटरफेसवर हक्क सांगतात आणि ‘डिव्हाइस बिझी’ पदरात पडतं. एक काय ते ठरवा. घरच्या रेकॉर्डिंगला पाइपवायर पुरेसं आहे असं माझं मत.

त्यातली एक सेटिंग मात्र हमखास राहून जाते. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल उघडा, शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबवर जा आणि इंटरफेससमोर ‘प्रो ऑडिओ’ हे प्रोफाइल निवडा. नेहमीच्या स्टिरिओ प्रोफाइलमध्ये पाइपवायर टायमरच्या भरवशावर चालतं आणि यूएसबी उपकरणांसाठी थोडी जास्तीची शिल्लक राखतं. प्रो ऑडिओमध्ये नव्या आवृत्त्या थेट उपकरणाच्या इंटरप्टवर (त्याने स्वतः दिलेल्या इशाऱ्यावर) चालतात, शिवाय सगळ्या वाहिन्या ‘ऑक्स ०’, ‘ऑक्स १’ अशा सुट्या दिसतात. अनेकांची ‘दुसरा माईक दिसतच नाही’ ही तक्रारही इथेच मिटते.

बफरचा आकार पाइपवायरमध्ये ‘क्वांटम’ या नावाने येतो आणि काही न सांगितल्यास तो बहुधा १०२४ असतो, म्हणजे २१ मिलिसेकंदांच्या वर. ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ या आज्ञेने ‘क्लॉक.फोर्स-क्वांटम’ला २५६ दिलं की तो तिथे टिकतो, शून्य दिलं की पूर्ववत होतो. ६४ वर जायचा हट्ट धरू नका. गाणाऱ्याला त्याची गरज का नाही ते पुढे येईलच.

आता खालचा थर. मी हे एकेक करून तपासतो, सगळं एकदम नाही. एकदम केलं की कशाने बरं झालं ते कळत नाही.

लॅपटॉप वीज वाचवण्याच्या मोडवर असेल तर परफॉर्मन्सवर न्या. प्रोसेसर सारखा वेग कमी-जास्त करत राहिला की छोट्या बफरला ते सोसत नाही.

वाय-फाय बंद करून पाहा. काही लॅपटॉपमध्ये वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर मधूनच मशीन अडवून धरतो. बंद केल्यावर पट-पट गेली तर चोर सापडला.

इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा. त्याच कंट्रोलरवर बाहेरची हार्ड डिस्क किंवा वेबकॅम असेल तर बाजूला काढा. यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेला ‘टी’ हा पर्याय जोडला की कोण कुठल्या फांदीवर बसलंय त्याचं झाडच दिसतं.

रिअलटाइमची, म्हणजे आवाजाचं काम सगळ्यांच्या आधी करायची, परवानगी आहे का ते पाहा. ‘आरटीसीक्यूएस’ नावाची छोटी स्क्रिप्ट मशीन तपासून काय कमी आहे ते सांगते. बहुतेक वेळा वापरकर्ता ‘ऑडिओ’ गटात नसतो, किंवा त्या गटाला आरटीप्रायो (अग्रक्रम) आणि मेमलॉकच्या (मेमरी राखून ठेवण्याच्या) मर्यादा वाढवून दिलेल्या नसतात. गटात नाव घातल्यावर लॉग-आउट करून परत या, नाहीतर फरक पडत नाही.

रिअलटाइम कर्नलबद्दल लोक फार लवकर विचारतात. प्रीएम्प्ट-आरटी (कर्नल रिअलटाइम करणारा बदल) २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आहे, आता वेगळा पॅच शोधावा लागत नाही. पण २५६ च्या बफरसाठी साधा कर्नल पुरतो. फार तर बूट करताना ‘थ्रेडआयआरक्यूएस’ हा पर्याय द्या.

एवढं करूनही उरलं, तर एक चाचणी आहे जी निर्णायक ठरते. आर्डरच्या ऑडिओ/मिडी सेटअपमध्ये जॅकऐवजी थेट ‘अल्सा’ (कर्नलमधली आवाजाची मूळ व्यवस्था) निवडा, बफर तोच ठेवा. आता मध्ये पाइपवायर नाही. पट-पट थांबली तर दोष पाइपवायरच्या मांडणीत. तशीच राहिली तर कर्नल, यूएसबी, केबल किंवा खुद्द इंटरफेस. इंटरफेसवर संशय घ्यायची खरी वेळ आत्ता येते.

‘आवाज उशिरा ऐकू येतो’ याला बफर कमी करणं हा उपाय नाही

आवाज माईकमधून आत, आर्डरमधून फिरून, परत हेडफोनमध्ये यायला दोन-चार बफरांचा वेळ लागतो. २५६ वर जाऊन-येऊन १५ ते २० मिलिसेकंद सहज होतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्या हिशेबाने वीस मिलिसेकंद म्हणजे साथीदार जवळपास सात मीटर लांब बसल्यासारखं. तबलजी हे चालवून घेणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

म्हणूनच इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण किंवा नॉब असतो. त्याने तुमचा आवाज संगणकात जाण्याआधीच हेडफोनकडे वळतो आणि बफर १०२४ ठेवला तरी गाणाऱ्याला फरक पडत नाही. फक्त एक करा: आर्डरच्या प्रेफरन्सेसमध्ये मॉनिटरिंग ‘ऑडिओ हार्डवेअर’कडे सोपवा. नाहीतर एकदा थेट आणि एकदा आर्डरमधून असा आवाज दोनदा येतो आणि गळा पोकळ, पाईपातून आल्यासारखा वाटतो. ‘माझा इंटरफेस फेजी वाटतो’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

इलेक्ट्रिक गिटार सॉफ्टवेअरच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवायची असेल, किंवा मिडी कीबोर्डवरून सॉफ्टवेअरचा पियानो, तर ही पळवाट चालत नाही. तिथे आवाज संगणकातच घडतो. अशांनी मात्र १२८ किंवा ६४ साठी धडपड करावी.

आणि एकावर एक थर रेकॉर्ड करताना नवा थर किंचित मागे पडत असेल, तर तो वादकाचा दोष धरू नका. आर्डरच्या त्याच सेटअप खिडकीत लेटन्सी मोजायची सोय आहे. स्पीकर बंद करा, इंटरफेसचं एक आउटपुट केबलने त्याच्याच लाईन इनपुटला जोडा, मोजा, आकडा वापरा. बफर बदलला की पुन्हा मोजायचं. काही यूएसबी इंटरफेसवर हा आकडा दर वेळी सुरू करताना थोडा हलतो. बफरच्या तुलनेत किरकोळ असेल तर सोडून द्या.

इंटरफेस दिसतच नाही, किंवा काल दिसत होता आज नाही

‘एलएसयूएसबी’च्या यादीतही नसेल तर केबल बदला. टाईप-सीच्या कितीतरी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, बाहेरून ओळखू येत नाहीत. केबल जोडून ‘डीमेसेज’ (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) पाहिलं तर कर्नल उपकरण ‘हाय-स्पीड’ म्हणून नोंदवतो की ‘फुल-स्पीड’ तेही कळतं. चांगल्या इंटरफेसला ४८० मेगाबिटची हाय-स्पीड जोडणी हवी. तो १२ मेगाबिटच्या फुल-स्पीडवर उतरला असेल तर केबल किंवा हब खराब.

‘एलएसयूएसबी’त आहे आणि लॅपटॉपवर मात्र पेन ड्राइव्हसारखी एक छोटी डिस्क उघडली? फोकसराइटच्या स्कार्लेट तिसऱ्या पिढीत नवा डबा असा येतो. तो मास स्टोरेज मोड बंद करायला ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून जोडणी करा, किंवा अल्सा-स्कार्लेट-जीयूआय या प्रोग्रॅममधून बंद करा.

रीस्टार्टनंतर गोंधळ होत असेल तर कारण बहुधा कार्डांचा क्रमांक. मॉनिटरची एचडीएमआय वाहिनी, लॅपटॉपचं अंगचं कार्ड आणि इंटरफेस यांचे क्रमांक बूटच्या वेळी कोण आधी उठलं त्यावर पडतात. काल १ असलेला आज २ होतो. जॅकच्या सेटिंगमध्ये क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव द्या, प्रश्न कायमचा मिटतो.

घुं असा अखंड आवाज

चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेला? मग तो विजेचा प्रश्न आहे, ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. इंटरफेस, लॅपटॉप, स्पीकर सगळे एकाच बोर्डवर लावा, स्पीकरला टीआरएसची बॅलन्स्ड केबल वापरा, कीबोर्ड किंवा मिक्सरमधून येत असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन उपकरणांमधला विजेचा थेट संबंध तोडणारा डबा) लावा. अर्थिंगची तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गाणाऱ्याचे ओठ माईकच्या जाळीला लागतात, जिवाशी खेळ आहे.

आता घ्यायचाच असेल तर

माझी मुख्य कसोटी एकच: सगळ्या कळा डब्यावर हव्यात. गेन (माईकची पातळी), फँटम (काही माईकना लागणारी ४८ व्होल्टची वीज), डायरेक्ट मॉनिटर, हेडफोनचा आवाज, हे सगळं हाताने फिरवता आलं पाहिजे. कारण कंपन्यांची कंट्रोल सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि मॅकसाठीच असतात. जे काही फक्त त्या सॉफ्टवेअरमधून बदलता येतं, ते लिनक्सवर तुमच्या हातात नाही असं धरून चाला.

दुसरी अट, उपकरण यूएसबी क्लास कम्प्लायंट, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारं, हवं. मग कर्नलमधला अल्साचा यूएसबी ड्रायव्हर ते थेट उचलतो. दुकानात हा शब्द कुणाला माहीत नसेल तर विचारा: आयपॅडवर चालतो का? आयपॅडवर सहसा वेगळा ड्रायव्हर टाकत नाहीत, त्यामुळे तिथे चालणारा इंटरफेस बहुधा इथेही चालतो. त्याहून चांगलं म्हणजे उबुंटू स्टुडिओचा पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि दुकानातच लॅपटॉप त्यावरून सुरू करून पाहा.

तिसरी गोष्ट आकड्यांची, आणि इथे डब्यावरचं लिखाण फसवतं. समजा घरी भजन रेकॉर्ड करायचंय: गळ्याला एक माईक, हार्मोनियमला एक, दायाँ आणि डग्ग्याला एकेक. चार माईक झाले. मोटूच्या एम४ किंवा फोकसराइटच्या स्कार्लेट ४आय४ वर चार इनपुट आहेत खरे, पण माईकचे त्यातले दोनच. उरलेले दोन लाईनचे, तिथे माईक लावून उपयोग नाही. बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडीवर मात्र चारही माईक प्रीॲम्प (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारे) आहेत, मोटूच्या एम६ वरही. म्हणजे ‘इनपुट’ मोजू नका, एक्सएलआरची भोकं मोजा.

एकटंच गायचं, वाजवायचं असेल तर दोन पुरे. बेहरिंगरचा यूएमसी२२ स्वस्त आहे, पण त्याला माईकचा प्रीॲम्प एकच आणि कन्व्हर्टर १६ बिटांचे. थोडे जास्त घालून यूएमसी२०२एचडी घ्या: दोन माईक, २४ बिट. २४ बिटांचा फायदा कानाला नाही तर हाताला होतो. पातळी थोडी खाली ठेवून निर्धास्त गाता येतं, आवाज फुटायची भीती राहत नाही. १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीकडे मात्र दुर्लक्ष करा. ४८ वर काम करा, मशीनवरचा भारही कमी.

मोटूचे एम२, एम४ डब्यावरच्या पडद्यामुळे मला आवडतात. पातळी बघायला संगणकाकडे मान वळवावी लागत नाही. स्कार्लेट मालिकेला लिनक्सवर चांगलं पाठबळ आहे, ते जेफ्री बेनेट यांच्यामुळे. कर्नलमधला मिक्सरचा ड्रायव्हर आणि वर सांगितलेलं अल्सा-स्कार्लेट-जीयूआय ही त्यांची मेहनत, म्हणजे वरच्या कसोटीला हा एक सन्माननीय अपवाद. फक्त कर्नलची आवृत्ती बघा. चौथ्या पिढीच्या सोलो, २आय२ आणि ४आय४ यांचा आधार ६.८ पासून आहे. डेबियन १२ चा ६.१ असेल तर तेवढ्या कळा दिसणार नाहीत, उबुंटू २४.०४ वर दिसतील. आरएमईचा बेबीफेस प्रो क्लास कम्प्लायंट मोडमध्ये चालतो, पण त्याचं कंट्रोल सॉफ्टवेअर टोटलमिक्स लिनक्सवर नाही, आणि त्या किमतीत ते टोचतं.

युनिव्हर्सल ऑडिओच्या अपोलोला लिनक्सचा ड्रायव्हर नाही, तिकडे वळू नका. त्यांचेच व्होल्ट क्लास कम्प्लायंट आहेत, ते चालतात. नावावरून दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. जुन्या बाजारात फायरवायरचे (यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीचे) इंटरफेस कवडीमोलाने मिळतात आणि अनेक चालतातही. ताकाशी साकामोतो यांनी कर्नलमधला तो भाग २०२९ पर्यंत सांभाळायचं ठरवलंय. पण तुमच्या लॅपटॉपला फायरवायरचं पोर्ट आहे का? नसेल तर विषय संपला.

घेतलेला डबा परत करायची मुदत असते, ती पहिल्या दिवसापासून वापरा. ‘प्रो ऑडिओ’, बफर २५६, सगळ्या वाहिन्या चालू, फँटम चालू, आणि अर्धा तास सलग रेकॉर्डिंग, पीडब्ल्यू-टॉप बाजूला उघडं ठेवून. ईआरआर वाढला तर केबल बदलून पुन्हा, मग दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर पुन्हा. तिथेही वाढला तर बिल शोधा आणि दुकान गाठा.